एक बार बूस्ट आणि गावाकडचं पेट्रोल

"गाडीला रिमॅप करू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. अर्धा तास लॅपटॉप लावला की तीस-चाळीस पीएस वाढतात, मग का नको? आज त्याचं उत्तर देतो, माझ्या फजितीसकट.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मिरचीच्या धंद्यातल्या माणसाला आमच्या गावाचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. २०२१ मध्ये मी सेकंड-हँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली. निम्मे पैसे माझे, निम्मे बाबांनी मिरचीच्या पट्टीतून दिले. गाडी कुठली ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच.

आधी बेसिक. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. बाहेरच्या हवेपेक्षा जो दाब वर चढतो तो बूस्ट. दाब फार वाढू नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते, ती थोडा धूर चाकाला वळसा घालून सोडून देते. ही झडप कधी आणि किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. म्हणजे बूस्ट हा शेवटी सॉफ्टवेअरमधला आकडा आहे, आणि आकडा दिसला की आपल्यासारख्यांचा हात शिवशिवतो.

एकाच इंजिनाचे वेगवेगळे अवतार कंपन्याही काढतात. आपल्या रांजणगावच्या प्लांटमधलंच उदाहरण घ्या. फियाटचं १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन लिनियात ११४ पीएसचं होतं आणि २०१५ च्या अबार्थ पुंतोत १४५ चं. पण त्यामागे महिनोन् महिने चाललेलं टेस्टिंग असतं. माझ्यामागे होता एक ट्यूनर आणि शनिवारची दुपार.

त्याने कंपनीचा ०.७ बार बूस्ट १ बारवर नेला. जानेवारी महिना, पुण्याची थंड हवा, टाकीत ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल. डायनोवर ग्राफ असा चढला की मी स्टेटसला टाकला. "गाडी चालवणार कुठे?" हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मे २०२२. वर्क फ्रॉम होम, गावी आलेलो, पारा ४२ वर. टाकी संपली तशी जवळच्या पंपावर साधं पेट्रोल भरलं, ९१ ऑक्टेनचं. दुसऱ्या दिवशी आई-बाबा आणि आत्याला घेऊन जालन्याला निघालो, बाबांचे डोळे दाखवायचे होते. एसी चालू, चार माणसं, पुढे कडब्याचा ट्रॅक्टर. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला, बारीकच. मी काय केलं? गाण्याचा आवाज वाढवला. हो, इंजिनिअर माणसाने.

तिसऱ्यांदा ओव्हरटेक केलं तेव्हा गाडी थरथरायला लागली आणि मागून निळा धूर निघाला. आत्याला वाटलं गाडी पेटली.

आता गणित बघा. हवा दाबली की ती तापते, सायकलच्या पंपासारखी. आमच्याकडे बाहेरचा दाब साधारण ०.९५ बार. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४२ अंशांची हवा ०.७ बार बूस्टला जवळपास १२० अंशांवर जाते आणि १ बारला १४५ च्या आसपास. इंटरकूलर ती थंड करतो, पण त्याला थंड करायला मिळणारी हवाही ४२ ची, आणि मागे एसीची गरमी. अशा तापलेल्या हवेत कमी ऑक्टेनचं पेट्रोल पूर्ण जळण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून पेट घेतं. तो नॉक. खड्यांचा आवाज त्याचाच.

नॉक ऐकायला इंजिनावर सेन्सर असतो. त्याने ओरडलं की ईसीयू स्पार्क उशिरा टाकतो आणि इंजिन वाचतं. मग माझं का नाही वाचलं? नंतर दुसऱ्या एका माणसाने फाईल उघडून दाखवली. सेन्सरची संवेदनशीलता कमी केलेली होती, म्हणजे ग्राफ मध्येच खाली यायला नको. आपल्या भाषेत, टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच कमेंट करून टाकली. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग बसते ती कड तुटली होती. बिल पंच्याऐंशी हजार.

बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "युरिया जास्त टाकला की मिरचीचं झाड दिसायला झकास दिसतं, फूल धरत नाही. तू गाडीला तेच केलंस का रे?"

इंजिन बांधल्यावर दुसऱ्या वेळी काम कसं झालं ते सांगतो. सुरुवात वेस्टगेटच्या स्प्रिंगवर जेवढा बूस्ट मिळतो तेवढ्यापासून. मग ०.१ बारची एकच पायरी, डायनोवर एक खेच, आणि लॉग वाचायचा: नॉकमुळे स्पार्क किती अंश मागे आला, हवा-पेट्रोलचं प्रमाण किती, आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती. साध्या चालीत प्रमाण १४.७ असतं, पूर्ण बूस्टला ते १२ च्या आसपास जाड ठेवलं. बूस्ट वाढला की स्पार्क थोडा मागे. मॅप म्हणजे आरपीएम आणि लोडचं टेबल. एक खाना बदलला की शेजारचेही बघावे लागतात, कारण मधली किंमत ईसीयू आजूबाजूच्या खान्यांवरून काढतो. असं ०.९ पर्यंत गेलो. तिथे लॉगमध्ये स्पार्क मागे येताना दिसला आणि आम्ही ०.८५ वर थांबलो.

फॉर्म्युला वनचा किस्सा राहतोय. १९८६ मध्ये क्वालिफाइंगला काही टीम पाच बारच्या वर बूस्ट लावायच्या, दीड लिटरच्या इंजिनातून हजारावर हॉर्सपॉवर. तेच इंजिन रेसला लावत नसत, ते थोड्या लॅपपुरतंच असायचं. १९८७ ला ४ बारची मर्यादा आली, १९८८ ला २.५ ची, आणि १९८९ ला टर्बोवरच बंदी आली. त्यांच्याकडे दुसरं इंजिन ट्रकमध्ये असायचं. आपल्याकडे हप्ता असतो.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करण्यावर त्यात बंधन आहे. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्नही आहेच. गाडी हप्त्यावर असेल किंवा घरात ती एकच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, नका करू.

माझ्याकडे आता दोन फाईल आहेत. ०.८५ ची पुण्यातली, ९५ ऑक्टेनसाठी. आणि ०.७ ची, साध्या पेट्रोलवर मे महिन्यात चालणारी, नॉक सेन्सर कंपनीने दिला तसाच. दिवाळीला निघायच्या आदल्या रात्री बाबांचा फोन येतो. आधी जेवलास का, आणि मग, "गावची फाईल टाकलीस ना?"