वाटाड्यासोबत नवगाव ते रेवदंडा



अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या मधे, नवगाव नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. या गावाला बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचं एक जुनं कब्रस्तान आहे. माडांची सळसळ, खारा वारा आणि जमिनीला आलेले दोन उंचवटे. एका उंचवट्याखाली पुरुष पुरलेत आणि दुसऱ्याखाली स्त्रिया, असं समाजाची परंपरा सांगते. शेजारी अलीकडच्या काळात उभारलेला स्मारकस्तंभ आहे. एवढंच. एकटे गेलात तर दहा मिनिटांत पाहून निघाल.

माहितगार माणूस बरोबर असेल तर मात्र अर्धा दिवस पुरत नाही. आज मी अशाच माहितगाराबद्दल, कोकणातल्या वाटाड्याबद्दल बोलणार आहे. रायगड जिल्ह्यातला ज्यू वारसा मोठमोठ्या इमारतींमधे सापडत नाही. तो खडकांत आहे, वाड्यांत आहे, बाजारात आहे, माणसांच्या आडनावांत आहे. हे सगळं जोडून दाखवायला तिथेच वाढलेला माणूस लागतो.

नवगावचा चांगला वाटाड्या तुम्हाला आधी कब्रस्तानात नेत नाही, किनाऱ्यावर नेतो. तेही ओहोटीच्या वेळी. कोकणातला माणूस तिथीवरून भरती-ओहोटीचा हिशेब काढतो आणि त्याप्रमाणे तुमची वेळ ठरवतो. पाणी मागे सरलं की काळ्या कातळाच्या रांगा उघड्या पडतात. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. परंपरा अशी की, पश्चिमेकडून आलेलं एक जहाज याच बाजूला खडकांवर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया पोहून किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली, ती या दोन उंचवट्यांत पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांजवळ उरलं ते स्मरणातलं: ‘शमा’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम.

ही चौदा माणसं गावांत पांगली. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, बैल सोडलेला. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. कुणी त्यांचा देव विचारला नाही, कुणी त्यांना हाकललं नाही. किहीमकर, नवगावकर, थळकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावं त्यांना लागली. अलिबाग-रेवस रस्त्याने जाताना वाटाड्या एकेका फाट्याशी थांबून ही आडनावं सांगत जातो, आणि सगळा तालुका आपल्यापुढे नव्याने मांडला जातो. नावंही इथलीच झाली होती. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे अभिनेते डेव्हिड आठवत असतील. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल.

आता अलिबागच्या मासळीबाजारात चला. ज्यू वारसा पाहायला निघालेल्या माणसाला बाजारात कशाला न्यायचं, असं वाटेल. पण माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वात बोलका मुक्काम हाच आहे. त्यामागे एक कथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. ही शनिवार पाळणारी माणसं आपलीच असतील का, असा त्याला प्रश्न पडला. त्याने तिथल्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले आणि उरलेले बाजूला काढले. ज्यू धर्मशास्त्रात हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमलं, असं सांगतात. या कथेचा काळ काही जण हजार वर्षांपूर्वीचा धरतात, काही जण अठराव्या शतकातला.

बाजारातल्या टोपल्यांपुढे उभं राहून वाटाड्या हीच परीक्षा तुमची घेतो. हा जिताडा, रुपयाएवढे खवले, चालतो. रावस चालतो, घोळ चालते. ही मुशी, अंगाला खरखरीत कातडी, खवले नाहीत, बाजूला. पाकट बाजूला. शिंगाळा बाजूला, कोळंबी बाजूला, चिंबोरी तर बाजूलाच. कोळीण हसते, पण ती स्वतःही पटापट वेगळं करून दाखवते. ग्रंथ हरवलेल्या माणसांनी धर्म कुठे सांभाळला, हे त्या टोपल्यांपुढे जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

स्वयंपाकघरात याच गोष्टी पुढे जातात. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, मग जेवणात सामिष असलं की गोडात नारळाचं दूध. नव्या वर्षाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास येतो, त्याला हे लोक बिरड्याचा रोजा म्हणतात, कारण उपवास सोडताना वालाचं बिरडं हवं. अलिबागचा वाल आणि जेरुसलेमचा शोक एकाच ताटात. नवस फेडायचा असला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, असं तबक भरून एलियाहू हनाबी या प्रेषिताचं गाणं म्हणतात.

या प्रेषिताची जागाही जवळच आहे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावात एका कातळावर रथाच्या चाकांचे आणि घोड्याच्या टापांचे ठसे दाखवतात. एलियाहू हनाबी स्वर्गात गेले त्या रथाचे ठसे म्हणून ‘एलियाहू हनाबीचा टापा’. कातळ आपला सह्याद्रीचा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. समजदार वाटाड्या भूगर्भशास्त्राचं म्हणणंही सांगतो आणि इथे डोकं टेकणाऱ्यांची श्रद्धाही सांगतो. एकाने दुसऱ्याला खोटं पाडायची त्याला गरज वाटत नाही.

अलिबागेत इस्राएल आळी आहे. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८चं, सध्याची इमारत १९१० साली बांधलेली. रेवदंड्याचं बेथ एल १८४२चं. पनवेल, पेण, रोह्याजवळचं अष्टमी इथेही सिनेगॉग आहेत. आत गेलात की पवित्र ग्रंथांची पेटी पश्चिमेच्या भिंतीला दिसेल, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग ‘शार हारहामीम’ १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अंमलदाराने बांधलं. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद ती हीच, असं मानलं जातं. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आले.

आता रेवदंडा आणि चौल. इथे वाटाड्याचं दुसरं कसब लागतं. चौल हे आज सुपारी-नारळाच्या वाड्यांचं शांत गाव. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात हे बंदर आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत चेमुलचे दाते आहेत. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसुदी इथे आला, तेव्हा या गावाला सैमूर म्हणत. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे खणून पाहिलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आणली. वाडीतून चालताना, विशेषतः पावसाळ्यानंतर, बांधाच्या कडेला खापऱ्या दिसतात. वाटाड्या एक खापरी नुसती दाखवतो: बघा, चाकावर घडवल्याच्या या बारीक रेघा, हा भाजलेल्या मातीचा लाल रंग. आणि ती उचलू देत नाही. खापरी कोणत्या थरात, कशाशेजारी पडली आहे, यावरून तिचा काळ कळतो. खिशात घातली की ती नुसता मातीचा तुकडा होते. अशा खापऱ्या गोळा करू देणारा वाटाड्या असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

बेने इस्राएल अमुक साली आले असं सांगणारा एकही शिलालेख सापडलेला नाही. त्यांचा उल्लेख सार्टोरियस या ख्रिस्ती मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वंश दिसला. चौलची खापरी या प्रश्नाचं थेट उत्तर देत नाही, पण पार्श्वभूमी देते. तांबड्या समुद्राकडची गलबतं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन या किनाऱ्याकडे येत. तोच वारा बेफाम झाला की ती किनाऱ्यालगतच्या खडकांवर फोडीत असे. जहाजफुटीची कथा या भूगोलात सहज बसते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ही सगळी परंपरा १८९७ साली लिहून काढली. तो ग्रंथ छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते.

रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातून आजचा रस्ता जातो. आत माडांत सातखणी बुरूज उभा आहे. पलीकडे कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई, जिथे आजही पोर्तुगीज मिश्रित बोली घरात बोलतात. तो एक स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

खाडीकाठी थोडं थांबा. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी टोकं ही तिवराची श्वासमुळं. गाळात हवा नाही म्हणून झाड मुळंच वर काढतं. याच गाळाने जुनी बंदरं भरून टाकली, आणि याच गाळात मासळी वाढते. हिवाळ्यात इथे कुरव आणि तुतवार येतात. किहीमला तर पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय घडला. नोकरी गेल्यावर सलीम अली तिथे येऊन राहिले आणि १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते. मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी रोजच्या निरीक्षणातून सिद्ध केलं. दक्षिणेकडे मुरूडजवळ फणसाडचं अभयारण्य आहे, एके काळचं जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. चिखलगाणाच्या बाजूला पहाटे गप्प बसलात, तर शेकरू दिसायची चांगली आशा.

एका दिवसात तीन सिनेगॉग, एक किल्ला आणि किनाऱ्यावरचं जेवण अशा सहली निघतात. त्यांत काही हाती लागत नाही. दोन दिवस काढा. शनिवारी सिनेगॉग पाहायला जाऊ नका, तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस. डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल न्या. किल्ली कुणाकडे आहे हे वाटाड्याला माहीत असतं. त्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस न करता द्या. या ज्ञानावर त्याचं पोट चाललं, तरच त्याचा मुलगा ते शिकेल.

आणि ते त्याने शिकायला हवं, कारण ऐकणारी माणसं लांबून येतात. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सुमारे २० हजार बेने इस्राएल होते. बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथेही त्यांना वाट सोपी नव्हती. त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.  इस्राएलमधे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आता त्यांची नातवंडं कोकणात येतात. कबरीच्या दगडावर हिब्रूच्या खाली मराठी अक्षरं असतात. हिब्रू ती घडाघड वाचतात, मराठी वाचता येत नाही. पणजीचं गाव कोणतं, ती कुणाची लेक, हे बऱ्याचदा त्या मराठी ओळींतच असतं. मग वाटाड्या वाचून दाखवतो.

खाऱ्या वाऱ्याने त्या ओळी झिजताहेत, दर पावसाळ्यात शेवाळ चढतंय. रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत इतिहासाचे आणि मराठीचे विद्यार्थी आहेत. समाजाच्या विश्वस्तांची परवानगी काढून, स्थानिक वाटाड्याला बरोबर घेऊन, हे लेख एकेक करून उतरवून घ्यायचं काम त्यांनी या हिवाळ्यातच हाती घ्यावं. त्याला मोठा निधी लागत नाही. वही, मऊ ब्रश, साधं पाणी आणि मराठी वाचता येणं पुरतं.