पाहिले म्हणजे कळले काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकाने ‘आभासी वास्तव आणि शिक्षण’ अशा नव्या विषयावर बोलावे, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या शिक्षणनिधीतून वसतिगृहासाठी आभासी वास्तवाचे दहा चष्मे घ्यावेत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. हा निधी आपण सर्वांनी पै-पैसा जोडून उभारलेला आहे. म्हणून ह्या बाबतीत मला आलेला अनुभव आपल्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

हे साधन आहे तरी काय? डोळ्यांवर बांधावयाच्या ह्या चष्म्यात दोन भिंगे व त्यांच्यामागे पडदा असतो. दोन डोळ्यांस किंचित निरनिराळी चित्रे दिसतात आणि मन ती एकत्र करून दृश्यास खोली देते. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी १८३८ सालीच दाखवून दिले होते. मान वळविताच दृश्यही वळावे, अशी योजना असलेले संगणकाचे शिरोयंत्र आयव्हन सदरलँड ह्यांनी १९६८ साली अमेरिकेत सिद्ध केले. त्याची जोडणी छतास टांगावी लागत असे. आज तीच वस्तू शाळकरी मुलाच्या डोक्यावर सहज बसते.

तिचा उपयोग निर्विवाद आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ डॉक्टरांवर एक प्रयोग झाला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आभासी यंत्रावर आधी हात बसविला होता, त्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के लवकर केले आणि त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या. जेथे चूक झाल्यास जिवावर बेतते, तेथे ती आधी आभासात करून पाहता यावी, ह्याहून मोठा लाभ कोणता?

आता घरचा अनुभव सांगतो. गतवर्षी आपल्याच एका ज्ञातिबंधूंनी असे दोन चष्मे आठ दिवसांकरिता वसतिगृहात आणून दिले. मी चंद्राच्या कलांचा पाठ निवडला. नोकरीत असताना हा पाठ मी अंधाऱ्या खोलीत कंदील व चेंडू घेऊन शिकवीत असे. मागच्या रांगेतील मुलांस चंद्राच्या कला न दिसता गुरुजींची पाठ तेवढी दिसे! ह्या चष्म्यात मात्र प्रत्येक मूल जणू अंतराळात उभे राहिले. सूर्य, पृथ्वी, चंद्र सारे समोर. मुले हरखून गेली आणि मीही हरखलो.

चष्मे उतरल्यावर मी विचारले, “अष्टमीचा चंद्र अर्धा का दिसतो?” एकमुखाने उत्तर आले, “पृथ्वीची सावली पडते म्हणून, गुरुजी!” हे उत्तर चूक आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात. मुलांनी सारे अवकाश पाहिले, परंतु मनातील जुनी समजूत जशीच्या तशी घेऊन ती परत आली.

दुसऱ्या दिवशी मी क्रम बदलला. चष्मा चढविण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत आकृतीसह लिहावयाचे. चष्म्यातून चंद्राची उजळलेली बाजू कोणीकडे आहे तेवढेच न्याहाळावयाचे. आणि नंतर आपला तोच जुना कंदील व चेंडू घेऊन इतरांस समजावून द्यावयाचे. सातवीतील एक मुलगी चेंडू हाती धरून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, चंद्र अर्धा उजळलेलाच असतो. आपण कोठून पाहतो, एवढाच काय तो फरक.” माझ्या साऱ्या नोकरीत इतके नेटके उत्तर मी क्वचितच ऐकले असेल.

पुढे वाचनात आले की, परदेशांतही असाच अनुभव आहे. जोसेलिन पॅरोंग व रिचर्ड मायर ह्यांच्या २०१८ सालच्या संशोधनात चष्म्यातून पाठ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना गोडी अधिक वाटली. परंतु साध्या चित्रपट्ट्या पाहून शिकणारेच परीक्षेत सरस ठरले. मात्र पाठाचे भाग पाडून प्रत्येक भागानंतर त्याचा सारांश लिहावयास लावला, तेव्हा चष्म्याच्या पाठातूनही अधिक शिकणे झाले. तात्पर्य, डोळ्यांनी पाहिलेले हातातून व मुखातून गेले म्हणजेच ते आपले होते.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. शाळांना घरबसल्या सहली घडविणारी गूगलची ‘एक्स्पिडिशन्स’ ही योजना २०१५ साली सुरू झाली व २०२१ साली बंद पडली. यंत्र आपल्या कपाटात राहते, परंतु त्यातील पाठ दुसऱ्याच्या हाती असतात, हे विसरू नये.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना अशी : दहा नव्हे, दोनच चष्मे घ्यावेत, त्यांसाठी शिष्यवृत्त्यांच्या रकमेस हात लावू नये, आधी दोघां शिक्षकांस त्यांचा वापर शिकवावा, निर्मात्यांनी सांगितलेली वयोमर्यादा पाळावी आणि एखाद्या मुलास घेरी येऊ लागल्यास चष्मा तत्काळ उतरवावा. उरलेल्या पैशांतून फी भरता न आल्यामुळे शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींस हात द्यावा. जे मूल शाळेतच नाही, त्याला चंद्र दाखविणार कोण?

नव्याला मी भीत नाही. केवळ त्याच्यासोबत प्रश्न विचारणारा गुरुजी असावा आणि तो जुना कंदील अडगळीत जाऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.