खेळातलं विमान: घ्यायचं कसं, उतरवायचं कसं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीची मंडळी, काका-काकू, वहिनी आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

मला रिमोटच्या विमानावर बोलायला का उभं केलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीपासून तीन-चार घरांत विमानाचा हट्ट चाललाय, आणि गच्चीवरून ते उडवायला परवानगी द्या असा अर्ज कमिटीकडे आलाय. हा नाद मी बरीच वर्षं केला, म्हणून माझं मत मागितलं.

गच्चीचं आधी सांगून टाकतो: नको. तोंडं पाडू नका. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. पण त्यांनीसुद्धा ते गच्चीवर बांधलं, गच्चीवरून उडवलं नाही! कठडे, टाक्या, वायरी, यांच्यामध्ये विमान उतरणार कुठे? आणि खाली आपलीच माणसं चालत असतात.

दुसरं म्हणजे आपल्या गावाला लागून विमानतळ आहे, तटरक्षक दलाचा तिथे तळ आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत आपली खेळातली विमानंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे मोकळ्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत चालतं. हौसेखातर उडवायच्या 2 किलोपर्यंतच्या विमानाला पायलटचं लायसन लागत नाही, पण डिजिटल स्कायचा नकाशा पाहिल्याशिवाय गाडीत विमान ठेवू नका. म्हणजे लांबचा सडा गाठायचा, जमीनमालकाला विचारायचं. आणि सड्यावर कातळशिल्पं असतील तर ती जागा सोडून द्यायची.

आता खरेदी. मुलांना लढाऊ जेट हवं असतं, दिसायला झकास. पण विमान निवडताना एकच बघा, ते उतरतं किती सावकाश. जेटसारख्या छोट्या पंखांच्या विमानाला तरंगत राहायला वेग लागतो. नवशिक्याला डोकं चालवायला वेळच मिळत नाही. दोन मिनिटांत तुकडे, आणि मग घरात 'पैसे पाण्यात' हे ऐकायचं. हौस तिथेच संपते. त्यापेक्षा पंख अंगाच्या वर बसवलेलं, दोन्ही टोकांना किंचित उचललेलं, मीटर-सव्वा मीटर लांबीच्या पंखांचं फोमचं विमान घ्या. हात सोडले तर ते आपलं आपण सरळ व्हायला बघतं. पंखा मागे असलेलं मिळालं तर उत्तम, नाक आपटलं तरी पंखा वाचतो. ईपीपी फोम वाकतो, पटकन मोडत नाही. आपल्या जांभ्याच्या कातळावर मात्र पोट सोलून निघतं, म्हणून खाली जाड टेप लावा. पावसाळा संपल्यावर सड्यावर गवत उभं असतं, शिकायला तो काळ सोन्यासारखा. भाट्याची वाळू मऊ दिसते, पण ती वाळू आणि खारं पाणी मोटरचं वाटोळं करतात.

उडण्याआधी तोल तपासा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटांनी उचललं की विमान आडवं राहिलं पाहिजे. नेमकी जागा विमानाच्या पुस्तिकेत असते. नाक थोडं जड असेल तर विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असेल तर बहुतेक एकदाच उडतं.

उतरवणं म्हणजे खरी शिकवणी. नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरवायचं. आपल्याकडे सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, मंद असतो. दुपारी खारा वारा सुटला की नवशिक्याने घरी जावं. खाली येताना बहुतेकांची एकच गडबड होते: विमान बुडतंय असं वाटलं की नाक वर ओढतात. नाक वर, वेग कमी, पंख हवा सोडतो, एक बाजू पडते आणि धप्प. लक्षात ठेवा, उतरताना नाकाने वेग सांभाळायचा आणि मोटरने उंची. बुडायला लागलं तर मोटर थोडी वाढवा. पंख सरळ ठेवा, शेवटच्या टप्प्यात खाली तीव्र वळण नको. जमीन दोन-तीन फुटांवर आली की मोटर बंद आणि नाक अगदी अलगद वर. जमत नसेल तर मोटर वाढवा, पुन्हा फेरी मारा. त्यात कमीपणा नाही, मोठे वैमानिकही तेच करतात.

विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा जो पंख खाली झुकलाय, त्याच्या बाजूला काठी ढकला. हे बोटांत मुरेपर्यंत कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळा. तिथे कितीही विमानं पाडा, पैसे जात नाहीत. हायस्कूल-कॉलेजातल्या मुलांनी एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करावी, तिथे एअरोमॉडेलिंग शिकवतात.

आता पालकांसाठी, आणि हे कमिटीच्याही काळजीचं आहे. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली, चेचली गेली तर पेट घेऊ शकते. ती गादीवर किंवा रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका. लादीवर ठेवा, समोर मोठं माणूस बसू दे, फुगलेली वापरू नका. सुरू करताना आधी हातातला रिमोट, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. पंख्यासमोर बोट नाही.

आणि विमान हापूसच्या कलमावर अडकलं तर कलमाच्या मालकाला विचारून झेल्याने काढा, दगड मारू नका. माडावर अडकलं तर चढणारा माणूस बोलवा.

माझा लॅपटॉप आणि एक जुना रिमोट उद्या संध्याकाळी सहा वाजता क्लबहाऊसमध्ये असेल. सिम्युलेटरवर लागोपाठ दहा वेळा नीट उतरवून दाखवेल, त्याला मी रविवारी सड्यावर नेईन. आईबाबांपैकी एकाने सोबत यायचं.