‘सौ.’ लिहावे की ‘श्रीमती’?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या वक्त्याने गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, पूर्वजांचे स्मरण करावे आणि जेवणाची वेळ टळण्यापूर्वी खाली बसावे, अशी आपली रीत आहे. आज मी ती थोडी मोडणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. भरल्या संसारातून एके दिवशी नवरा उठून जातो व परत येत नाही. तेव्हा मागे राहिलेल्या स्त्रीचे आपण नातलग आणि ज्ञातिजन काय करतो, एवढेच मला बोलावयाचे आहे.

माझी मावसबहीण कऱ्हाडजवळच्या एका गावी दिली होती. 1971 सालच्या ज्येष्ठात तिचा नवरा बी-बियाणे आणावयास म्हणून सकाळी बाहेर पडला. तिने त्याच्या वाटणीची भाकरी रात्रीपर्यंत झाकून ठेवली होती. चार दिवस आम्ही कऱ्हाड व मिरज येथील दवाखाने धुंडाळले. महिन्याने मुंबईहून पत्र आले. तेही तिला नव्हे, दिराला. ‘माझी वाट पाहू नये,’ एवढाच मजकूर. तिचे वय तेव्हा तेवीस, पदरी दोन वर्षांची मुलगी.

आम्ही पुरुष मंडळी बैठकीस बसलो. मी नुकताच सांगलीस नोकरीला लागलेला. शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन. ‘तुझे काही चुकले का?’ हा त्या बैठकीतला पहिला प्रश्न, आणि तो मी विचारला. तिने मान वर केली नाही. ‘वर्षभर वाट पाहू, माणूस ठिकाणावर येतो,’ हा सल्लाही माझाच. त्या एका वर्षाची आठ वर्षे झाली.

खरे तर कायदा त्या वेळीही मुका नव्हता. पहिली बायको असता दुसरी करण्यास मुंबई प्रांताने 1946 सालीच बंदी केली होती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. पोटगीची तरतूद तर 1898 च्या फौजदारी संहितेतही होती. मी यातले काही वाचले नव्हते आणि वकिलाकडे जाणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. अखेर 1979 साली तिला पोटगीचा हुकूम मिळाला. अकरा महिने मनिऑर्डर आली, मग थांबली. पुन्हा अर्ज केला, तर समन्सवर शेरा आला : ‘पत्त्यावर इसम मिळून येत नाही.’ पोटगीची दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा 2001 साली गेली. अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. हे सारे चांगले झाले. परंतु त्या शेऱ्याला उत्तर कोणाकडेही नव्हते. ती शिवणयंत्रावर बसली आणि तिने मुलीला शिक्षिका केले.

बाईला टाकल्याची गोष्ट त्या काळी घरोघर कुजबुजीत होती. साताऱ्याचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, खानापूर-आटपाडीकडचे गलाईच्या धंद्यात दूरदूरच्या शहरांत. बहुतेक परत आले. काही आले नाहीत. या कुजबुजीला चव्हाट्यावर आणण्याचे श्रेय ज्यांना आहे, त्यांत इंदुताई पाटणकर यांचे नाव घेतलेच पाहिजे. कऱ्हाड तालुक्यातील इंदोली हे त्यांचे माहेर, वाळवे तालुक्यातील कासेगाव हे सासर. पती बाबूजी पाटणकर यांचा 1952 साली खून झाला. लहान मुलाला वाढवीत त्या उभ्या राहिल्या. पुढे स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून सांगली-साताऱ्याच्या परित्यक्ता एकत्र आल्या. घर, स्वतःच्या नावाची शिधापत्रिका, जमीन व पोटगी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. संगमनेर येथे निशा शिवूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली परित्यक्तांची परिषद भरविली. नवरा का गेला, याची चौकशी न करता ही बाई आज रात्री कोठे निजणार, हे या मंडळींनी विचारले. आमच्या बैठकीत ते कोणाला सुचले नव्हते.

अशाच एका मेळाव्याची बातमी बहिणीने मला वाचून दाखविली आणि म्हणाली, “दादा, एवढ्या जणी? मला वाटले होते, मी एकटीच.” 2011 च्या जनगणनेत देशात विभक्त राहणाऱ्या स्त्रिया सुमारे 23 लाख भरल्या, घटस्फोट झालेल्यांच्या दुपटीहून अधिक.

पुरुषालाही बायको सोडून जाते, हे कोणी मला मागाहून सांगेलच. जाते. पण त्याला दुसऱ्या मुली सांगून येतात, आणि त्या आणण्यात आपले मंडळ मागे नसते.

आता आपल्या घरचे. मंडळाच्या कुटुंबसूचीत अडतीस वर्षे तिच्या नावामागे ‘सौ.’ छापले जात होते. त्याच काळात तिला हळदीकुंकवास सवाष्ण म्हणून बोलवावे की नाही, याबद्दल आपल्याच बायकांत एकमत नव्हते. 2009 साली तो मुंबईस वारला. ज्यांनी तिला कधी पायलीभर ज्वारी पाठविली नाही, ते भाऊबंद सुतक पाळावयास सांगण्यासाठी दारी आले. ती म्हणाली, “माझे सुतक 1971 सालीच फिटले. चहा घेऊन जा.” पुढील सूचीत आपण तत्परतेने ‘श्रीमती’ छापले. दोन्ही वेळी तिला कोणी विचारले नाही. सूचीची मुद्रिते तपासणारा मीच होतो.

यंदा नवी सूची निघत आहे. तिचा अर्ज मी बरोबर आणला आहे. कुटुंबप्रमुख म्हणून तिने स्वतःचे नाव लिहिले आहे, मागे काही लावलेले नाही. ‘पतीचे नाव’ हा रकाना तिने मोकळा ठेवला आहे. कार्यालयातील कोणी तो आपल्या हाताने भरू नये, अशी तिची विनंती आहे. ती मी चिटणीसांच्या स्वाधीन करतो.