पाण्याचा ताळेबंद
एप्रिल 2016. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वॅगन, साधारण 5 लाख लिटर. मांजरा धरण कोरडं. पण दोष सगळा पावसाचाच का?

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारलाही पाऊस कमीच. तिथं सरपंच पोपटराव पवारांच्या काळात ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडायला लागली. आधी माणसांचं, जनावरांचं; उरेल त्यावर पिकं. ऊस नाही, शेतीला बोअर नाही. झाडं लावणं सोपं हो, फोटोपण छान येतात! 'बोअर घेऊ नका' हे आपल्याच मतदारांना सांगणं अवघड.

आता आपल्या नांदेड-लातूरच्या कारखान्यात, कॉलेजात बघा. टँकरची पावती जपून ठेवतात, पण बोअरला मीटर आहे का? आणि असेल तर तो आकडा साहेब स्वतः बघतात का?