सहा ठिपक्यांची अक्षरओळख
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



डब्यात बर्थ क्रमांकाजवळ उठावाच्या ठिपक्यांची पट्टी आपण पाहिली असेल. ती ब्रेल लिपी. काही वर्षांपूर्वी अशी एक पट्टी माझ्या देखरेखीखाली उलटी बसली. आम्हा डोळसांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. एका अंध प्रवाशाने बोट फिरवले आणि हसून सांगितले, "साहेब, हा आकडा नाही, शेवटी तर 'प' आहे." अंकाचे चिन्ह उलटे केले की 'प' होतो, हे मला तेव्हा कळले. लाज वाटली, आणि मी ब्रेल समजून घेऊ लागलो.

फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी ही लिपी तयार केली. आपल्याकडे १९५१ पासून भारती ब्रेल आहे. हिंदी 'क' आणि मराठी 'क' यांचे ठिपके एकच. म्हणजे छत्तीसगडात हिंदीतून शिकलेल्या अंध मुलाला मराठीची निराळी लिपी शिकावी लागत नाही.

अडचण आहे ती शिकवण्यात. पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे उलटी अक्षरे टोचायची आणि कागद पालटून वाचायचे. चूक झाली तर ती नंतर कळते. शिक्षकाने प्रत्येकाचे बोट धरून शिकवावे लागते. एक शिक्षक किती बोटे धरणार?

हा प्रश्न गोव्यात बिट्स पिलानीच्या आवारात शिकणाऱ्या संस्कृती डावले, अमन श्रीवास्तव आणि त्यांच्या मित्रांनी हाती घेतला. २०१४ च्या सुमारास 'मुद्रा' हा प्रकल्प झाला. पुढे बंगळुरूच्या थिंकरबेल लॅब्जमधून 'ॲनी' हे यंत्र आले. हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांच्यावरून हे नाव दिले. यंत्र अक्षराचा उच्चार करते, ठिपके वर उचलते, मूल चाचपते आणि स्वतः लिहून पाहते. चुकले तर तिथल्या तिथे सांगते. धडे खेळांतूनही आहेत. शिक्षकाला प्रत्येकाची प्रगती दिसते. बोट धरण्याचा काही भार यंत्र उचलते, शिक्षकाची जागा घेत नाही.

कोणी विचारेल, आता मोबाईल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला? आपण मुलांना नुसत्या गोष्टी ऐकवून साक्षर म्हणतो का? 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच. ऱ्हस्व-दीर्घ, गणिताची मांडणी, स्वतःची टिपणे, हे सारे बोटाखाली अक्षर आल्यावरच पक्के होते.

माझी मंडळाला विनंती आहे. यंदाच्या शिलकीतून थोडी रक्कम अंध मुलांच्या शाळेसाठी बाजूला ठेवावी. मात्र खरेदीआधी तिथल्या शिक्षकांना विचारावे. त्यांना कदाचित यंत्राआधी पाट्या आणि जाड कागद हवे असतील. न विचारता केलेली मदत माझ्या त्या पट्टीसारखी उलटी बसते.

सहा ठिपक्यांच्या ६३ आकृत्या होतात, कोरी जागा धरली तर ६४. चौसष्ट कलांच्या अधिपतीपुढे हा हिशेब मांडून मी माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!