रात्र एकटीच्या अंगावर टाकू नका

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका निवृत्त आरोग्यसेविका ताईंनी तान्ह्या बाळाची झोप आणि रडणं या विषयावर केलेलं भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. आरोग्य म्हटलं की आपण हिमोग्लोबिन, लसीकरण, परसबाग यावर बोलतो. आज मी रात्रीबद्दल बोलणार आहे. घरात तान्हं बाळ आहे, रात्रीचे दोन वाजलेत, बाळ रडतंय आणि बाकी सगळं घर झोपेचं सोंग घेऊन पडलंय, ती रात्र. इथं बसलेल्या बहुतेक जणींनी ती काढली आहे. काही जणींच्या घरी सध्या चालू आहे, त्यांचे डोळेच सांगतायत.

इथं सासवाही आहेत आणि सुनाही आहेत. म्हणून दोघींना समोर ठेवून बोलते.

आधी बाळाच्या झोपेचं गणित समजून घेऊ. नवीन जन्मलेलं बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतं. मग आई म्हणते, "सिस्टर, हे तर झोपतच नाही!" दोघांचंही खरं असतं. कारण बाळ सलग झोपत नाही. दोन तास, तीन तास, की उठलं. त्याचं पोट एवढंसं असतं, आईचं दूध लवकर पचतं, त्यामुळे भूक लवकर लागते. पहिल्या काही आठवड्यांत बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पितं. त्यातल्या दोन-चार वेळा रात्री येणारच. शिवाय दिवस कुठला, रात्र कुठली, हे त्याला कळत नाही. ते कळायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे रात्री उठणारं बाळ हट्टी नाही आणि त्याची आई काही चुकतेय असंही नाही. बाळाचं वयच तसं आहे.

रडण्याचंही तसंच. पहिल्या दोन आठवड्यांनंतर रडणं वाढत जातं, साधारण दीड महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं. त्यातही दिवेलागणीपासून रात्री उशिरापर्यंत जोर जास्त. काही बाळं तर पोटभर प्यालेली, कोरडी, ठणठणीत असून रोज तीन-तीन तास रडतात. आपण म्हणतो पोटात दुखतंय, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळा, त्यात बाळाचं काही बिघडत नाही. फक्त बाळ खरंच आजारी असेल तर ओवाळण्यात वेळ घालवू नका. ते कसं ओळखायचं, ते पुढे सांगते.

मग बाळ रडलं की करायचं काय? एक क्रम डोक्यात ठेवा, म्हणजे घाबरायला होत नाही.

पहिलं, भूक. बाळ तोंड इकडेतिकडे फिरवतंय, मूठ चोखतंय, तेव्हाच अंगावर घ्या. जोरात रडायला लागल्यावर ते नीट पकडत नाही. दुसरं, ढेकर. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा. तिसरं, लंगोट ओला आहे का, दुपट्याची गाठ टोचतेय का, बोटाला धागा गुंडाळलाय का, ते बघा. चौथं, ऊन-थंडी. बाळाच्या पोटाला आणि पावलांना हात लावा. दोन्ही कोमट तर बरोबर. पावलं गार लागली तर टोपी-मोजे घाला आणि छातीशी घ्या. मानेला घाम असेल तर एक कपडा कमी करा. आपल्याकडे चैत्रातसुद्धा बाळाला स्वेटर असतो! पाचवं, जवळ घेणं. पोट भरलंय, कोरडं आहे, तरी रडतंय, तर त्याला माणूस पाहिजे आहे. छातीशी धरा, हळू फिरा, गुणगुणा. अंगाई येत नसेल तर बचत गटाचं गाणं म्हणा, बाळाला चालतं.

इथं हमखास कुणीतरी म्हणतं, "उचलू नको, अंगावरची सवय लागेल." आक्का, तीन-चार महिन्यांच्या बाळाला सवयीचं राजकारण कळत नाही. ते रडतं, कारण दुसरी भाषा त्याच्याकडे नाही. रडल्यावर कुणीतरी येतं, एवढं त्याला कळलं की ते निवांत व्हायला शिकतं. उचला, बिनधास्त उचला.

दुसरं वाक्य त्याहून जास्त नुकसान करतं. "तुझं दूध पुरत नाही, म्हणून रडतंय." हे ऐकलं की पोर खचते, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घरात येते. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा झाल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय, आणि अंगणवाडीत वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. वजन माता-बाल संरक्षण कार्डावर मांडून घ्या, आलेख डोळ्यांनी दिसतो. रात्रीचं पाजणं तर मुळीच तोडू नका. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. रात्री पाजलं की दिवसाचंही दूध टिकतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. आणि बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर ते झोपलेलं असलं तरी दोन-तीन तासांनी उठवून पाजा.

आता जरा कान देऊन ऐका. बाळाला झोपवण्यासाठी आपल्याकडे काय काय देतात? गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त. ग्राइप वॉटर. घरात उरलेलं सर्दी-खोकल्याचं औषध, "त्यानं छान झोपतंय." कुठं कुठं अफूसुद्धा.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईत कापडगिरण्या जोरात होत्या, तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची 'बाळागोळी' देत. 1920 च्या दशकातल्या सरकारी चौकश्यांमध्ये त्याची नोंद आहे. त्या आया वाईट होत्या का? नाही. पाळी चुकली तर मजुरी जायची आणि बाळाला बघायला घरी कुणी नसायचं. आज कांदा लागणीला, कापूस वेचायला, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची अडचण तीच आहे. म्हणून मी तिला दोष देत नाही. पण औषधानं बाळाला काय होतं, ते तिला माहीत पाहिजे.

बाळ गुंगीत जातं. ती झोप नव्हे. गुंगीतलं बाळ भुकेला उठत नाही. प्यायलं नाही की अंगातली साखर कमी होते, ते अजून मलूल पडतं. आपल्याला वाटतं, किती शांत बाळ! अफू आणि गुंगीच्या औषधांनी श्वास मंदावतो, थांबूही शकतो. जायफळ जास्त झालं तर तेसुद्धा बाळाला झेपत नाही. गुटीची सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून जंतूंची विषबाधा होऊ शकते. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर डागण्या देतात. त्या जखमेतून जंतू अंगात जातात आणि बाळ हातचं जाऊ शकतं. रडण्यावर एवढी मोठी शिक्षा?

लस दिल्यावर, म्हणजे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या इंजेक्शनानंतर, बाळ एक-दोन दिवस किरकिर करतं. तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरला विचारूनच द्या. शेजारच्या बाळाची बाटली आणू नका.

रात्रीची झोप सुधारायला बिनखर्चाचे उपाय आहेत. दिवसा बाळाला उजेडात ठेवा, त्याच्याशी बोला, घरातले आवाज होऊ द्या. रात्री मात्र झिरोचा बल्ब, हळू आवाज, पाजायचं, बदलायचं, पुन्हा ठेवायचं. रात्री दोनला खेळवत बसू नका आणि मोबाईल दाखवू नका. संध्याकाळी रोज एकाच वेळी हलकी मालिश, अंग पुसणं, दूध, अंगाई असा क्रम ठेवला की दोन-तीन महिन्यांत बाळ तो ओळखायला लागतं. मालिश हलक्या हातानं करा, कानात-नाकात तेल सोडू नका. धुरी बंद करा, धूर बाळाच्या छातीला त्रास देतो.

बाळाला पाठीवर झोपवा. पोटावर किंवा कुशीवर नको. उशी नको, तोंडावर येईल अशी जड गोधडी नको. आई शेजारी झोपली तर पाजायला सोपं जातं, पण बाळ भिंत आणि अंथरूण यांच्या फटीत जाणार नाही हे बघा. दारू प्यालेलं किंवा झोपेची गोळी घेतलेलं माणूस बाळाशेजारी झोपू देऊ नका, आणि बाळाच्या खोलीत विडी-सिगारेट नको. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, तोंड कापडात दबत नाही ना, हे बघत राहा, आणि झोळीत टाकून लांब जाऊ नका.

आता आईकडे येऊ. सलग आठ-पंधरा दिवस झोप नाही, टाके दुखतायत, आणि बाळ दोन तास रडतंय. अशा वेळी कुठल्याही आईला राग येतो. येऊ शकतो, त्याची लाज वाटून घेऊ नका. पण रागात बाळाला कधीही गदागदा हलवू नका. बाळाची मान कच्ची असते, मेंदूला मार लागून ते दगावू शकतं. हात थरथरायला लागले तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा, दाराबाहेर या, पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. पाच मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही.

आणि ती हाक ऐकायला कुणीतरी जागं पाहिजे. म्हणून सासूबाईंनो, ही विनंती तुम्हाला. मी नोकरीत असताना एका घरी गेले होते. सूनबाईचं दुसरं बाळंतपण, बाळ महिन्याचं. सासूबाईंनी साधी वाटणी केली होती. नऊला सून पाजून झोपायची. नऊ ते बारा बाळ आजीकडे, भूक लागली तरच सुनेकडे. पहाटे चारनंतर बाळाचा बाप दुपटी बदलायचा आणि फिरवायचा. सुनेला सलग तीन तास झोप मिळायची. मला त्या घरात गुटी दिसली नाही आणि बाटलीही दिसली नाही. गटात आपण दर महिन्याला थोडं थोडं टाकतो, म्हणून अडचणीला रक्कम उभी राहते. रात्रीचंही तसंच आहे. प्रत्येकानं दोन तास टाकले तर आई उभी राहते. बाप कामावरून दमून येतो, खरं आहे. पण आईची पाळी तर संपतच नाही.

बाळ झोपलं असतानाही आईला झोप येत नाही, सारखं रडू येतं, जेवण जात नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो आजार आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. "नाटकं करते" म्हणू नका. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात न्या. टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता धोक्याची लक्षणं. रडणाऱ्या बाळापेक्षा न रडणाऱ्या बाळाला जास्त भ्या. बाळ प्यायचं थांबलं, हाक मारली-हलवलं तरी मलूल, अंग तापलंय किंवा गार पडलंय, झटके येतायत, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेतंय, टाळू फुगलीय, हिरवी उलटी, तळहात-तळपाय पिवळे, किंवा रडणं एकदम वेगळं, चिरकं आणि काही केल्या न थांबणारं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. 102 किंवा 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत उपचार होतात. वाटेत बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून उबदार ठेवा, पिऊ शकत असेल तर पाजत राहा.

आशाताईच्या भेटी चुकवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेता येते आणि बाळं वाचतात, हे आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून दाखवून दिलं. 1999 मध्ये ते जगापुढे आलं. तेव्हा आशाताई आली की चहा जरूर द्या, पण रात्रीचं सगळं सांगा. बाळ किती वेळा उठतं, काय देतो, कोण जागतं. लपवू नका.

शेवटी गटांना एक काम देते. पुढच्या बैठकीत आपल्या गटात कुणाच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे, ते इतिवृत्तात लिहा. त्या घरी दोघी जणी जा. बाळाला बघा, पण आधी बाळंतिणीला विचारा, "काल रात्री किती झोपलीस?" उत्तर "झोपलेच नाही" आलं तर बाळ तासभर आपल्याकडे घ्या आणि तिला झोपू द्या. कामाला जाणाऱ्या बाईचं बाळ दिवसा कोण सांभाळणार, हेही तिथंच ठरवा. आळीपाळीनं जमतंय का बघा.

बाळाला झोपवायचं औषध कुठल्याही दुकानात मागू नका. घरात आणि गटात माणसं आहेत, ती आधी उठवा.